गुणसूत्राचं टोक कागदावर काढताना: प्रत, कातरणी आणि भरणी

‘लॅगिंग धाग्यावरचा शेवटचा आरएनए प्रायमर निघाला की तिथे रिकामी जागा राहते, म्हणून गुणसूत्र दर विभाजनाला थोडं तोकडं होतं, आणि टेलोमरेज ती जागा भरून काढतं.’ बारावीच्या गाइडपासून स्पर्धापरीक्षांच्या नोट्सपर्यंत हे वाक्य थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडतं. (डीएनएची प्रत निघताना एक नवा धागा सलग बनतो, तो लीडिंग; दुसरा तुकड्यातुकड्यांनी, तो लॅगिंग. प्रायमर म्हणजे नव्या धाग्याची सुरुवात करून देणारा छोटा तुकडा, आणि टेलोमरेज हे गुणसूत्राचं टोक वाढवणारं विकर.) परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण माणसाच्या पेशीत खरोखर काय होतं हे कागदावर काढायला बसलं, की त्याचा पहिला भाग अपुरा निघतो आणि शेवटचा भाग चुकीचा. टेलोमरेज ती जागा भरत नाही. आणि घट मुख्यतः ज्या बाजूला होते, ती लॅगिंगची नसून लीडिंगची आहे.

हे वाचून पटवून घेण्यापेक्षा काढून बघणं सोपं आहे. चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि दोन रंगांची पेनं एवढंच लागेल. जुन्या धाग्यांना निळा रंग, नव्या धाग्यांना लाल. हा नियम शेवटपर्यंत मोडू नका, कारण पुढे सगळं उत्तर रंगावरूनच वाचायचं आहे.

पायरी १: मूळ टोक नीट काढा

वहीच्या डाव्या कडेला नागमोडी रेघ मारा. तिच्या डावीकडे उरलेलं गुणसूत्र आहे असं समजायचं, उजवीकडे त्याचं टोक. एक चौकोन म्हणजे दहा न्यूक्लिओटाइड, म्हणजेच डीएनएची दहा अक्षरं (ए, टी, जी, सी).

वरचा धागा निळ्या रंगाने ५० चौकोन लांब काढा. डीएनएच्या धाग्याच्या दोन टोकांना ५′ आणि ३′ म्हणतात; याची दिशा डावीकडून उजवीकडे ५′ ते ३′, आणि त्यावर टी-टी-ए-जी-जी-जी हा सहा अक्षरांचा क्रम पुन्हापुन्हा येतो. जी भरपूर असल्यामुळे याला जी-धागा म्हणू. खालचा धागाही निळाच, पण ४० चौकोनांवर थांबवा. तो सी-धागा, त्याचं ५′ टोक उजवीकडे. म्हणजे वरचा धागा खालच्यापेक्षा दहा चौकोन, शंभर न्यूक्लिओटाइड, पुढे लोंबतो आहे. या लोंबत्या भागाला ओव्हरहँग म्हणतात.

बहुतेक चुका इथेच होतात. पुस्तकातल्या आकृतीत दोन्ही धागे एकाच ठिकाणी संपलेले दाखवतात. मानवी पेशीत तसं नसतं: ओव्हरहँग साधारण ५० ते ३०० न्यूक्लिओटाइडचा असतो. डावीकडचा दुहेरी भाग जन्माच्या वेळी बहुधा दहा ते पंधरा हजार बेसजोड्यांचा (समोरासमोरच्या अक्षरांच्या जोड्यांचा), म्हणजे आपल्या मापाने हजाराहून जास्त चौकोन. वही पुरणार नाही, म्हणून ती नागमोडी रेघ.

आणखी एक बारकावा हवा असेल तर सी-धाग्याच्या टोकाशी ए-टी-सी लिहा. मानवी पेशींतल्या बहुसंख्य टोकांवर सी-धागा नेमका याच तीन अक्षरांवर संपतो, हे २००५ मध्ये दिसून आलं. सहा अक्षरांच्या क्रमात थांबायला सहा जागा असताना एकाच जागी थांबणं हा योगायोग नव्हे. तिथे कातरणारं आणि मोजणारं कुणीतरी आहे. पॉट-१ हे प्रथिन दुहेरी भाग संपून एकेरी भाग सुरू होतो त्या सांध्यावर बसतं आणि ते ५′ टोक झाकून धरतं.

टेलोमियरला, म्हणजे गुणसूत्राच्या या टोकाच्या भागाला, बुटाच्या नाडीच्या प्लास्टिकच्या टोकाची उपमा सगळेच देतात. मला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. नाडीचं टोक एकदा बसवलं की झालं. गुणसूत्राचं टोक प्रत्येक विभाजनात मोडून नव्याने बांधावं लागतं, आणि आपला सगळा विषय ती मोडणी-बांधणी हाच आहे.

पायरी २: गाठ सोडवा

आता काढलेलं सरळ टोक पेशीत बहुतेक वेळ सरळ नसतंच. लोंबता जी-धागा मागे वळून दुहेरी भागात शिरतो आणि एक फास तयार होतो, त्याला टी-लूप म्हणतात. १९९९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो प्रत्यक्ष दिसला. टोक असं आत दडवलेलं असल्यामुळे पेशीची दुरुस्ती-यंत्रणा त्याला ‘तुटलेला डीएनए’ समजत नाही. या बांधणीवर शेल्टरिन नावाचा सहा प्रथिनांचा संच बसलेला असतो: टीआरएफ-१, टीआरएफ-२, रॅप-१, टिन-२, टीपीपी-१ आणि पॉट-१.

प्रत काढायची तर फास सुटायला हवा. ते काम आरटेल-१ हे हेलिकेज, म्हणजे डीएनएचे धागे उलगडणारं विकर, करतं. एस-टप्प्यात, म्हणजे पेशी डीएनएची प्रत काढते त्या टप्प्यात, त्याला तिथे बोलावून आणतं टीआरएफ-२. हे जमलं नाही तर नुकसान थोडंथोडकं नसतं. न सुटलेला फास विकरांकडून मुळापासून कापला जातो आणि टेलोमियरचा मोठा तुकडा वर्तुळाच्या रूपात एकदम निघून जातो.

वहीत हा फास काढून खोडून टाका. पुढे त्याची गरज नाही, पण पायरी लक्षात राहते.

पायरी ३: काटा टोकापर्यंत न्या

प्रतिकृतीची सुरुवात टेलोमियरच्या आत क्वचितच होते. ती बहुधा डावीकडे, टेलोमियरच्या आधीच्या भागात होते आणि तिथून प्रतिकृती-काटा, म्हणजे दोन धागे वेगळे होऊन प्रत निघते ती जागा, उजवीकडे सरकतो. गुणसूत्राच्या मधल्या भागात एखादा काटा अडकला तर समोरून येणारा दुसरा काटा उरलेलं काम पुरं करतो. टोकाशी समोरून कुणीच येत नाही. अडकला तर अडकला.

आणि अडकायला कारणं भरपूर. जी-धागा एकेरी झाला की जी-अक्षरांच्या चौकड्या एकमेकींना धरून चौपदरी गाठी करतात. त्या सोडवायला बीएलएम आणि पुन्हा आरटेल-१ ही हेलिकेजं लागतात. टीआरएफ-१ काढून टाकलेल्या उंदराच्या पेशींत टेलोमियर सूक्ष्मदर्शकाखाली तुटकतुटक दिसतात. म्हणजे टोकाचं रक्षण करणारी प्रथिनंच प्रत काढायलाही मदत करतात.

काटा उजवीकडे सरकतोय असा बाण काढा आणि दोन्ही निळे धागे वेगळे करा. आता खाली दोन वेगळ्या आकृत्या हव्यात.

पायरी ४: लीडिंग बाजू

पहिल्या आकृतीत निळा सी-धागा घ्या, ४० चौकोनांचा. डीएनए पॉलिमरेज नवा धागा ५′ ते ३′ दिशेनेच बनवतं, म्हणून या साच्यावर नवा धागा काट्याच्या दिशेने, सलग, उजवीकडे वाढत जातो. लाल रंगाने तो ४० चौकोन काढा. साचा संपला, धागा संपला.

आता मूळ टोकाशी तुलना करा. जी-धागा ५० वर संपत होता, इथे ४० वरच संपला. लोंबता भाग गायब आहे आणि टोक बोथट झालं आहे. या बाजूला टोकाशी प्रायमरचा प्रश्नच आला नाही, एकही जागा रिकामी राहिली नाही, तरी शंभर न्यूक्लिओटाइडची माहिती गेली.

बोथट टोक धोकादायक असतं. किरणोत्साराने तुटलेला डीएनए जोडणारी यंत्रणा अशाच टोकांना पकडते आणि दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटवून टाकते. चिकटलेल्या गुणसूत्राला दोन सेंट्रोमियर (विभाजनात गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं त्या जागा) असतात. विभाजनात ती दोन ध्रुवांकडे खेचली जातात, मधला पूल तुटतो आणि तुटलेली टोकं पुन्हा चिकटतात. मक्याच्या गुणसूत्रांत हे चक्र बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ओळखलं. त्याच सुमारास, १९३८ मध्ये, फळमाशीवर क्ष-किरण टाकून काम करणाऱ्या हर्मन मुलर यांनी अखंड गुणसूत्राच्या टोकाला टेलोमियर हे नाव दिलं.

पायरी ५: लॅगिंग बाजू

दुसऱ्या आकृतीत निळा जी-धागा, पूर्ण ५० चौकोनांचा. त्यावर नवा सी-धागा काट्याच्या उलट दिशेने, ओकाझाकी तुकड्यांनी बनतो. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनए प्रायमरने.

इथे थांबून हिशेब करा. समजा शेवटचा प्रायमर अगदी ५० व्या चौकोनापाशी बसला. तो सुमारे दहा न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे एक चौकोन. तो काढला तर लाल सी-धागा ४९ वर संपेल. पण मूळ सी-धागा ४० वर संपत होता! म्हणजे प्रायमर काढूनसुद्धा नवा धागा जुन्यापेक्षा लांब निघाला. मूळ टोकाला ओव्हरहँग आहे हे एकदा मान्य केलं की ‘शेवटच्या प्रायमरमुळे गुणसूत्र तोकडं होतं’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. १९७१ मध्ये अलेक्सेई ओलोव्निकोव आणि १९७२ मध्ये जेम्स वॉटसन यांनी टोकाचा प्रश्न मांडला तेव्हा टेलोमियरचा क्रमच कुणाला माहीत नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुखणं लीडिंग बाजूला असावं हा मुद्दा योआखिम लिंगनर, ज्युलिया कूपर आणि थॉमस चेक यांनी १९९५ मध्ये स्पष्ट लिहिला. पुस्तकांतल्या आकृत्या मात्र अजून तिथेच आहेत.

पण गोष्ट इथे संपली असती तर लॅगिंग बाजू फारच सोपी झाली असती. २०२४ मध्ये तीत भर पडली. काटा उघडणारं हेलिकेज लीडिंगच्या साच्यावरून, म्हणजे सी-धाग्यावरून, चालतं. तो ४० व्या चौकोनावर संपला की यंत्रणा धाग्यावरून निसटते. पुढच्या लोंबत्या दहा चौकोनांवर प्रायमर टाकायला ती उरतच नाही. टिटिया डी लांगे आणि जोसेफ यील्स यांच्या गटांनी परीक्षानळीत शुद्ध प्रथिनांपासून जुळवलेल्या यंत्रणेत आणि पेशींतही हे दाखवलं: लॅगिंगचा नवा धागा दुहेरी भाग संपायच्या अलीकडेच थांबतो. तेव्हा वहीत ५० किंवा ४९ वरून सुरुवात करू नका. लाल सी-धागा ३६ पर्यंत काढा. नेमका आकडा दर वेळी वेगळा असणार, आपण हिशेबासाठी ३६ धरू.

या बाजूला आता १४ चौकोनांचा ओव्हरहँग आहे. दहा हवा होता.

पायरी ६: कातरणी आणि भरणी

एका टोकाला ओव्हरहँग नाहीच, दुसऱ्याला जास्त आहे. दोघांनाही दहा चौकोनांवर आणायचं आहे. पेशी हे दोन उलट कामांनी करते: आधी सी-धागा कातरते, मग थोडा भरते.

लीडिंगच्या बोथट टोकावर पहिली कात्री चालवतं अपोलो नावाचं न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए कापणारं विकर. टीआरएफ-२ त्याला टोकाशी आणून ठेवतं. सुरुवातीचा छोटा ओव्हरहँग झाला की एक्सो-१ हे विकर सी-धागा ५′ बाजूने आणखी खात जातं. या घडामोडींचं बरंचसं ज्ञान उंदराच्या पेशींतून आलं आहे, आणि तिथे एक्सो-१ लॅगिंग टोकही थोडं खातं.

वहीत लीडिंगचा निळा सी-धागा ४० वरून २५ पर्यंत खोडा. लॅगिंगचा लाल सी-धागा ३६ वरून ३३ पर्यंत.

खोडणं हवं त्यापेक्षा जास्त झालं, आणि ते तसंच होतं. आता भरणी. सीटीसी-१, स्टन-१ आणि टेन-१ या तीन प्रथिनांचा सीएसटी संच एकेरी जी-धाग्यावर बसतो आणि प्रायमर टाकून नवा धागा सुरू करणाऱ्या पॉलिमरेज अल्फा-प्रायमेजला सोबत आणतो. काटा निघून गेल्यानंतर, कुठल्याही काट्याशिवाय, तिथे नवा प्रायमर टाकला जातो आणि सी-धाग्याची रिकामी जागा भरली जाते. लीडिंगचा सी-धागा लाल रंगाने ३० पर्यंत वाढवा. लॅगिंगचा ४० पर्यंत.

आकृत्या पुन्हा बघा. लॅगिंग टोक: जी ५०, सी ४०. मूळ टोकाइतकंच, काहीही गेलं नाही. लीडिंग टोक: जी ४०, सी ३०. दोन्ही धागे दहा चौकोनांनी आखूड. म्हणजे गेलेली लांबी बरोबर ओव्हरहँगएवढी. दोन्ही टोकांची सरासरी घेतली तर एका विभाजनाला ओव्हरहँगच्या निम्मी घट होते, आपल्या आकृतीत ५० न्यूक्लिओटाइड. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत दर विभाजनाला साधारण ५० ते १०० बेसजोड्या जातात. वहीतला आकडा त्यात बसतो. ओव्हरहँग जितका लांब तितकी घट जास्त, हेही वेगवेगळ्या पेशीवाणांची तुलना करून दिसलेलं आहे.

सीएसटीचं महत्त्व मला आधी दुय्यम वाटायचं, कारण पुस्तकात त्याला एखाद-दुसरी ओळ मिळते. पण भरणीची पायरी गाळून हीच आकृती पुन्हा काढा: लीडिंग टोक २५ वर, लॅगिंग ३३ वर. दोन्ही टोकं, दर विभाजनाला. सीटीसी-१ च्या जनुकातल्या बिघाडामुळे कोट्स प्लस नावाचा दुर्मीळ आजार होतो, ज्यात डोळ्याचा पडदा, मेंदू, हाडं आणि आतडं यांवर परिणाम होतो.

पायरी ७: टेलोमरेज असेल तर

आपल्या बहुतेक कायिक पेशींत टेलोमरेज चालू नसतं किंवा अगदी कमी असतं, त्यामुळे सातवी पायरी तिथे गाळायची. जननपेशी, काही मूलपेशी आणि सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांच्या पेशींत ती असते.

टेलोमरेजमध्ये टर्ट हे प्रथिन आणि एक आरएनए असतो. मानवी आरएनए ४५१ न्यूक्लिओटाइडचा, त्यातली फक्त ११ साचा म्हणून वापरली जातात. १९७८ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी टेट्राहायमेना या तळ्यातल्या एकपेशीय जिवाच्या टोकांचा क्रम शोधला, आणि १९८४ च्या नाताळच्या दिवशी कॅरोल ग्रायडर यांना त्याच जिवात या विकराची पहिली खूण फिल्मवर दिसली. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

वहीत काय करायचं? जी-धाग्याच्या ३′ टोकाला सहा लाल चौकोन जोडा. टेलोमरेज असलेल्या मानवी कर्कपेशींत एका एस-टप्प्यात एका टोकाला सुमारे ६० न्यूक्लिओटाइड जोडली जातात, म्हणजे सहा अक्षरांचे दहा संच. लक्ष द्या: वाढ फक्त वरच्या धाग्याची झाली, खालचा होता तिथेच आहे. तो पुढे न्यायला पुन्हा सीएसटी आणि पॉलिमरेज अल्फाच लागतात, आणि ती भरणी लगेच न होता एस-टप्प्याच्या अखेरीस होते. म्हणून ‘टेलोमरेज प्रायमरची रिकामी जागा भरतं’ हे वाक्य खोडून टाका. रिकामी जागा सी-धाग्यात असते आणि टेलोमरेज सी-धाग्याला हातही लावत नाही.

मग शेल्टरिन पुन्हा चढतं आणि टी-लूप पुन्हा वळतो. मधल्या थोड्या वेळात टोकं उघडी असतात आणि पेशीची दुरुस्ती-यंत्रणा क्षणभर त्यांच्यापाशी येऊन जाते.

आकृती बरोबर आली का, हे कसं तपासायचं

आता पूर्ण गुणसूत्र काढा, दोन्ही टोकांसह. वरचा धागा उजव्या टोकाला ३′ असेल तर डाव्या टोकाला तो ५′ आहे. म्हणजे उजवीकडे तोच जी-धागा आणि डावीकडे तोच सी-धागा. प्रत काढल्यावर त्याच्या वाट्याला आलेल्या क्रोमॅटिडचं (गुणसूत्राच्या दोन जोडलेल्या प्रतींपैकी एकीचं) उजवं टोक लॅगिंगने बनलेलं असतं आणि डावं लीडिंगने. दुसऱ्या क्रोमॅटिडमध्ये उलट. प्रत्येक नव्या क्रोमॅटिडचं एक टोक लीडिंगचं, एक लॅगिंगचं. ४६ गुणसूत्रांच्या कन्यापेशीत ९२ टोकं असतात, त्यातली बरोबर ४६ या फेरीत आखूड झालेली.

प्रयोगशाळेत हेच को-फिश या तंत्राने डोळ्यांनी दिसतं. पेशींना एका चक्रापुरते ब्रोमिनयुक्त न्यूक्लिओटाइड देतात, त्यामुळे फक्त नवे धागे खुणावले जातात. मग विभाजन मेटाफेजला (गुणसूत्रं आटोपशीर, स्पष्ट दिसतात त्या टप्प्याला) थांबवून गुणसूत्रं काचपट्टीवर पसरतात, होएक्स्ट रंग आणि अतिनील प्रकाशाने नवे धागे ठिकठिकाणी तोडतात आणि एक्सोन्यूक्लिएज-३ ने पचवून टाकतात. उरतात फक्त आपले निळे, जुने धागे. जी-धाग्याला चिकटणारा एका रंगाचा प्रोब (चमकणारा छोटा शोधक तुकडा) आणि सी-धाग्याला चिकटणारा दुसऱ्या रंगाचा प्रोब लावला की लॅगिंग आणि लीडिंग टोकं वेगळ्या रंगांत चमकतात. चारही टोकांवर रंग तिरपे, एकाआड एक, पडले पाहिजेत. तुमच्या आकृतीत एकाच क्रोमॅटिडच्या दोन्ही टोकांवर एकच रंग येत असेल तर कुठेतरी ५′ आणि ३′ ची अदलाबदल झाली आहे.

आणखी एक पडताळा गणिताचा. जी-धाग्याच्या सहा अक्षरांत टी दोन, सी-धाग्याच्या सहा अक्षरांत टी एकच. टीच्या जागी जड ब्रोमोडीऑक्सियुरिडिन दिलं तर लीडिंगचं टोक (नवा जी-धागा) लॅगिंगपेक्षा जड होतं आणि सीझियम क्लोराइडच्या द्रावणात जोरात फिरवून दोन्ही वेगळे काढता येतात. मानवी पेशींतल्या दोन्ही टोकांवरची कातरणी-भरणी वेगवेगळी अभ्यासता आली ती याच युक्तीमुळे.

लांबी मोजायची जुनी पद्धत म्हणजे हिन्फ-१ आणि आरएसए-१ या विकरांनी डीएनए कापणं. टेलोमियरच्या क्रमात त्यांच्या जागा नसल्याने तो अखंड राहतो. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर मात्र पट्टी दिसत नाही, लांबलचक डाग दिसतो. तो पाहून प्रयोग फसला असं वाटायचं कारण नाही. लांब-आखूड टोकांची ती खरीच मिसळ आहे.

ती मिसळ कुठून येते हेही वहीतच कळेल. टेलोमरेज नसलेल्या पेशीचं एक टोक घेऊन दहा पिढ्या पुढे जा. प्रत्येक पिढीत एक प्रत लीडिंगची, तिला दहा चौकोन वजा. एक लॅगिंगची, तिला शून्य. दहा पिढ्यांनंतर १०२४ प्रती होतात. सरासरी घट ५०० न्यूक्लिओटाइड. पण एक प्रत अशी असते जिचं काहीच गेलं नाही, आणि एक अशी जिचे हजार गेले. पेशी विभाजन थांबवते ते सरासरी घटली म्हणून नव्हे, तर काही मोजकी टोकं इतकी आखूड झाली की टी-लूप आणि शेल्टरिन त्यांना झाकू शकत नाहीत म्हणून. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी मानवी पेशी ठरावीक विभाजनांनंतर थांबतात असं दाखवलं, त्यामागचं एक मोठं कारण हे.

घरपोच किट पाठवून ‘तुमचं जैविक वय’ सांगणाऱ्या टेलोमियर चाचण्यांकडे याच हिशेबाने बघावं. त्यातल्या बऱ्याच पीसीआरने रक्तातल्या किंवा लाळेतल्या पेशींची सरासरी काढतात, आणि त्या मोजमापातली चूक मोठी असते. टेलोमियर फार आखूड असलेल्या डिस्केराटोसिस कन्जेनिटासारख्या आनुवंशिक आजाराचा संशय असेल तर डॉक्टर टेलोमियरची लांबी मोजणारी फ्लो-फिश ही चाचणी सांगतात, आणि तिचा निकाल त्याच वयाच्या निरोगी लोकांशी ताडून सर्वांत खालच्या एका टक्क्यात येतो का हे पाहतात. तिथे आकड्याला अर्थ आहे. धडधाकट माणसाला किटमधून मिळतो तो सरासरीचा आकडा. ज्या आखूड टोकांमुळे त्याच्या पेशी थांबणार आहेत, ती त्या आकड्यात दिसतच नाहीत.